गुणांमागचं कारण: माणुसकीच्या हेतूवर खेळ कसा उभा करावा

ऑक्टोबर २००७ मध्ये जॉन ब्रीन या अमेरिकन प्रोग्रॅमरने फ्रीराइस नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. एक इंग्रजी शब्द, चार पर्याय, त्यातून अर्थ ओळखायचा. उत्तर बरोबर आलं की भुकेल्यांसाठी तांदळाचे १० दाणे जमा. पैसे जाहिरातींतून यायचे आणि धान्य संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पोहोचायचं. २००९ मध्ये ब्रीनने हे संकेतस्थळ त्या संस्थेलाच देऊन टाकलं. पडद्यावर एक लाकडी वाडगा असायचा आणि खेळता खेळता तो दाण्यांनी भरत जायचा.

त्या खेळात तांदूळ हाच गुण होता. खेळाडूचे गुण एका रकान्यात आणि ‘समाजासाठी केलेलं काम’ दुसऱ्या रकान्यात, असा प्रकारच नव्हता. गेमिफिकेशनच्या, म्हणजे एरवीच्या कामाला खेळाचं रूप देण्याच्या, नावाखाली आज जे काही बनतं त्यात बहुतेक वेळा उलटं होतं. आधी गुण, बॅज, लीडरबोर्ड (खेळाडूंची क्रमवारी), स्ट्रीक (न चुकता सलग खेळल्याची मोजणी) अशी सगळी यंत्रणा उभी राहते आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की याला एखादा उदात्त हेतू जोडला तर लोक जास्त खेळतील. मग ‘तुमच्या सहभागातून बदल घडतो’ असं एक वाक्य पहिल्या पडद्यावर चिकटवलं जातं. असा चिकटवलेला हेतू लोकांना लगेच ओळखू येतो.

या लेखात मी क्रम उलटा ठेवला आहे, म्हणजे आधी हेतू आणि मग त्यातून निघालेले गुण. सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच काल्पनिक उदाहरण सोबत ठेवू या: दृष्टिहीन वाचकांसाठी स्कॅन केलेल्या पुस्तकांतल्या चुका स्वयंसेवकांकडून तपासून घेणारं एक ॲप. यंत्राने वाचलेला मजकूर आणि पानाचा फोटो शेजारी शेजारी दिसतो, माणूस चुका दुरुस्त करतो आणि दुरुस्त झालेलं पुस्तक ऐकण्यासाठी तयार होतं.

पायरी १: साखळी कागदावर लिहून काढा

पडद्यांची रेखाटनं करण्याआधी हे वाक्य पूर्ण करा: ‘वापरकर्त्याने अमुक केलं की तमुक माणसाला अमुक मिळतं, कारण...’ खरी परीक्षा ‘कारण’च्या पुढे आहे.

ही साखळी तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कृती हीच मदत असते. मॅपस्वाइप हे ॲप २०१६ मध्ये आलं. त्यात उपग्रहाची छायाचित्रं चाळायची आणि जिथे घरं दिसतील त्या चौकोनावर बोट ठेवायचं. त्यामुळे नकाशा काढणाऱ्या स्वयंसेवकांना ओसाड रान धुंडाळत बसावं लागत नाही. ते थेट वस्तीवर जातात आणि साथ किंवा आपत्तीच्या वेळी मदतपथकांच्या हातात नकाशा असतो. दुसऱ्या प्रकारात कृतीमुळे पैसा हलतो. फ्रीराइस असं चालतं. चाललेल्या-धावलेल्या मैलांवर प्रायोजकांकडून देणगी मिळवणारं चॅरिटी माइल्सही असंच. तिसऱ्या प्रकारात खेळणं म्हणजेच माहिती देणं. २०१६ च्या सी हिरो क्वेस्टमध्ये होडी चालवत वाट शोधायची असे आणि वेगवेगळ्या वयाची माणसं दिशा कशी ओळखतात हे त्यातून डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) संशोधकांना कळे. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला.

पहिला प्रकार सर्वांत मजबूत. दुसरा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत धोक्याचाही. कारण त्यात वापरकर्त्याच्या मनात एक प्रश्न येतोच: पैसे तुमच्याकडे आहेतच, तर मी बटण दाबेपर्यंत का थांबलात? याचं प्रामाणिक उत्तर तुमच्याकडे हवं. ‘लोक इथे येतात म्हणून जाहिरातदार पैसे देतात’ हे चांगलं उत्तर आहे. ‘प्रायोजकाने ठरावीक रक्कम आधीच दिली आहे, ती तशीही जाणारच आहे, पण मोजणी तुमच्या पावलांवर दाखवतो’ हे उत्तर निघत असेल तर तुमची साखळी नाटकी आहे. देणगीला वरची मर्यादा असेल तर ती पहिल्याच पडद्यावर लिहा आणि मर्यादा गाठली की मोजणी थांबवा. मर्यादेनंतरही आकडा पुढे पळत राहिला आणि ते कुणाच्या लक्षात आलं, तर त्याआधीचा खरा हिशेबही मग कुणी खरा मानत नाही.

साखळी खरी असली तरी ती माणसाला माहीत नसेल तर प्रेरणा शून्य. संकेतस्थळावर येणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणाऱ्या २००७ मधल्या रीकॅप्चाने वेड्यावाकड्या अक्षरांच्या कोड्यांतून जुन्या पुस्तकांचं आणि वर्तमानपत्रांचं केवढं तरी डिजिटायझेशन करून घेतलं. पण ते शब्द टाइप करणाऱ्या बहुतेकांना आपण ग्रंथालयाला हातभार लावतोय याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी तो दारावरचा पहारेकरी होता. काम उपयोगाचं झालं, पण ते स्वतःहून करायला कुणी पुन्हा आलं नसतं.

पायरी २: मोजायचं एकक निवडा

तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे १० दाणे झाले ०.२ ग्रॅम, आणि कोरड्या तांदळाचे १०० ग्रॅम जमवायला सुमारे ५०० बरोबर उत्तरं लागतात. हा हिशेब ऐकून कुणी हसेल, पण एककाची निवड हुशारीची होती. दाणा डोळ्यांना दिसतो, दर उत्तराला वाढतो आणि ‘एवढंसंच का?’ याचं उत्तर त्यातच आहे: दाण्या-दाण्यानेच वाडगा भरतो. हीच रक्कम पैशाच्या अपूर्णांकात दाखवली असती तर दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नसतं.

चांगल्या एककाला तीन गोष्टी लागतात. ते एका बैठकीत वाढताना दिसावं, मदत घेणाऱ्याच्या आयुष्यात त्याला अर्थ असावा आणि त्यात फुगवाफुगवी नसावी. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शेअरद मील या ॲपने ‘एका मुलाचं एका दिवसाचं जेवण’ हे एकक घेतलं, तेही याच कसोटीला उतरतं. आपल्या पुस्तकांच्या ॲपमध्ये ‘दुरुस्त केलेली चूक’ हे एकक फार लहान, कारण ऐकणाऱ्याला एका चुकीने काय फरक पडला? ‘पुस्तक’ फार मोठं, कारण एकट्याने ते आठवडाभरातही संपणार नाही. मी ‘ऐकण्याची मिनिटं’ घेईन. एक पान तपासलं की साधारण दोन मिनिटांचं ऐकणं तयार होतं. आकडा वाढतो आणि तो ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजलेला असतो.

एककासोबत चेहरा लागतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांच्या प्रयोगात काही लोकांना रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, काहींना लाखो उपाशी माणसांची आकडेवारी दिली आणि काहींना दोन्ही. एकट्या मुलीसाठी लोकांनी आकडेवारीच्या दुप्पट पैसे दिले. चटका लावणारी गोष्ट पुढे आहे: मुलगी आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हा देणगी पुन्हा घसरली. मुख्य पडद्यावर एका माणसाची हकिकत आणि त्याखाली जगभराचे कोटींचे आकडे, ही आपल्याकडची आवडती मांडणी स्वतःच स्वतःचा पाय ओढते. आकडे असू द्या, पण वेगळ्या पानावर, ज्याला हवे तो उघडेल.

चेहरा वापरायचा तर त्या माणसाची संमती घ्या. त्याला स्वतःची गोष्ट वाचून लाज वाटेल का, हे त्यालाच विचारा. रडवेल्या मुलाचा फोटो लावून मिळवलेले क्लिक टिकत नाहीत, आणि ते मूल उद्या मोठं होऊन तो फोटो पाहणार असतं.

पायरी ३: पहिल्या मिनिटात काम हातात द्या

हेतू एका वाक्यात सांगा आणि लगेच काम द्या. तीन पानी प्रस्तावना, संस्थापकांचा व्हिडिओ, मूल्यांची यादी नको. ‘तुम्ही तपासलेलं पान उद्या कुणीतरी ऐकेल’ एवढं पुरे. मग एक सोपं पान, ज्यात दोन ढोबळ चुका आहेत. त्या सापडल्या की माणसाला कळतं की हे आपल्याला जमतं.

हे जमणं फार महत्त्वाचं आहे. हेतू माणसाला दारापर्यंत आणतो, पण आत थांबवून ठेवतं ते कौशल्य. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ मध्ये आलेल्या फोल्डइट या खेळात पडद्यावर प्रथिनांच्या रेणूंची योग्य घडी शोधायची असते. त्याचे सुरुवातीचे टप्पे एकेक चाल शिकवतात, जीवरसायनशास्त्राचा गंध नसला तरी चालतं. २०११ मध्ये त्यातल्या खेळाडूंनी माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना तीन आठवड्यांच्या आत उलगडून दाखवली. संशोधक त्यावर दहा वर्षांहून जास्त काळ अडलेले होते. आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत खेळाडूंच्या दोन गटांची नावं छापली गेली. मला विचाराल तर याहून चांगला बॅज आजवर कुणी बनवलेला नाही.

पायरी ४: केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते सांगा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

स्वीडनमध्ये रक्तदात्याला दोन संदेश येतात. एक रक्त दिल्यावर, आभाराचा. दुसरा काही दिवसांनी, त्याचं रक्त कुणा रुग्णासाठी खरोखर वापरलं गेलं तेव्हा. दुसऱ्या संदेशात ना गुण, ना नाव, ना फोटो. पण भाजी चिरताना फोन वाजतो आणि कळतं की आत्ता, या क्षणी, आपला काहीतरी उपयोग झाला.

मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांच्या २००७ मधल्या अभ्यासाने हेच मोजून दाखवलं. एका अमेरिकन विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मागणारे कर्मचारी होते. त्यांच्यातल्या काहींची त्या देणगीतून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभराने हे कर्मचारी फोनवर १४२ टक्के जास्त वेळ घालवत होते आणि १७१ टक्के जास्त पैसे मिळवत होते. पगार, फोनवर बोलायचा मजकूर, फोन करायच्या लोकांची यादी, काहीच बदललं नव्हतं.

ॲपमध्ये हे आणायचं तर प्रत्येक कामाला सुरुवातीपासून ओळखक्रमांक जोडा आणि तो शेवटपर्यंत जपून ठेवा. ‘पान क्रमांक ४७ कुणी तपासलं, ते पुस्तक कधी तयार झालं, पहिल्यांदा कधी ऐकलं गेलं’ ही नोंद डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून नसेल तर सहा महिन्यांनी ती कुठूनही आणता येणार नाही. आणि मग ‘तुमच्यामुळे अनेकांना फायदा झाला’ असली गुळमुळीत वाक्यं लिहिण्याची वेळ येते.

परिणामाचा संदेश कामाच्या लगेच नंतर नको. आभार लगेच, परिणाम जेव्हा घडेल तेव्हा. बातमी वाईट असेल तरी कळवा: ‘या पुस्तकाची छपाई इतकी पुसट होती की ते सोडून द्यावं लागलं, तुम्ही तपासलेली ३ पानं वापरता आली नाहीत.’ असा संदेश पाठवायला टीम घाबरते. माझा अनुभव असा की त्यानंतर आलेल्या चांगल्या बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात. फक्त एक जपा: कोण ऐकतंय हे उघड होता कामा नये. पुस्तक ऐकलं गेलं एवढंच कळवायचं.

पायरी ५: बक्षिसं कुठे मारक ठरतात ते ओळखा

इथे थोडं थांबू, कारण सर्वांत महाग चुका इथेच होतात.

स्वीडनमधल्याच गोथेनबर्गमध्ये मेलस्ट्रॉम आणि योहानेसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रक्तदाता होण्यासाठी विचारलं. पैसे देऊ केले नव्हते तेव्हा ५२ टक्के स्त्रिया तयार झाल्या. ५० क्रोनर (स्वीडनचं चलन) देऊ केले तेव्हा ३० टक्के. आणि तेच ५० क्रोनर मुलांच्या कर्करोगासाठी दान करण्याची मुभा दिली तेव्हा पुन्हा ५३ टक्के. पुरुषांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही, म्हणजे हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे: परोपकाराला भाव लावला की काहींच्या लेखी तो व्यवहार होतो, आणि व्यवहार म्हणून तो परवडत नाही.

इस्रायलमध्ये नीझी आणि रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये मांडलेला प्रयोग याहून बोलका आहे. घरोघरी देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ज्यांना काहीच मोबदला नव्हता त्यांनी सर्वांत जास्त रक्कम आणली. १० टक्के मिळणारे दुसरे आले. सर्वांत कमी आणली ती १ टक्का मिळणाऱ्यांनी. म्हणजे किरकोळ कूपन, दोन टक्के सवलत, सोडतीत एक टी-शर्ट हे न देण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

यावरून मी चार गोष्टी पाळतो. पैशात मोजता येईल असं बक्षीस ठेवत नाही. प्रायोजकाने आग्रह धरलाच तर ते दान करण्याचा पर्याय तितकाच मोठा आणि आधी दाखवतो. बॅज आधी जाहीर न करता, काम झाल्यावर अचानक देतो, म्हणजे तो दाद वाटतो, मजुरी नाही. आणि शक्य तिथे ती दाद यंत्राऐवजी माणसाकडून येऊ देतो. विकिपीडियावर संपादक एकमेकांना ‘बार्नस्टार’ नावाचा शाबासकीचा तारा देतात. २०१२ मधल्या एका प्रयोगात सर्वांत सक्रिय संपादकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून हा तारा दिला, तेव्हा त्यांचं काम तो न मिळालेल्यांपेक्षा बरंच जास्त राहिलं. तारा फुकटचा होता, पण सहकाऱ्याने दिल्यासारखा होता.

लीडरबोर्डबद्दल माझं मत जरा कडवट आहे. फोल्डिंगॲटहोमसारख्या प्रकल्पात, जिथे माणसाचा संगणक मोकळ्या वेळात गणितं सोडवतो, तिथे संघांची चुरस मस्त चालते, कारण घाई केल्याने गणित चुकत नाही. पण आपल्या पुस्तकांच्या ॲपमध्ये पानांच्या संख्येवर क्रमवारी लावली की लोक पान न वाचता ‘झालं’ दाबू लागतील, आणि त्याचा फटका बसेल ऐकणाऱ्याला. उपाय जुने आणि कंटाळवाणे आहेत, पण चालतात. एकच पान दोघा-तिघांकडे स्वतंत्रपणे पाठवा. मुद्दाम चुका पेरलेली, उत्तर माहीत असलेली पानं अधूनमधून मिसळा. पुढच्या फेरीचं काम आधीच्या फेरीत अचूक ठरलेल्यांनाच द्या. स्वयंसेवकांकडून स्कॅन केलेली पुस्तकं तपासून घेणाऱ्या, २००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्समध्ये प्रत्येक पान असंच फेऱ्याफेऱ्यांतून जातं आणि वरच्या फेरीत बसायला पात्रता लागते. ही पात्रता हीच तिथली लेव्हल आहे, आणि ती कामातूनच आलेली आहे.

पायरी ६: अपराधभाव विकू नका

‘तीन दिवस आला नाहीत, कुणीतरी वाट पाहतंय.’ अशी नोटिफिकेशन पाठवली की त्या संध्याकाळी आकडा उसळतो आणि महिन्याभरात लोक ॲप काढून टाकतात. स्ट्रीक ठेवायचीच असेल तर आठवड्याची ठेवा, सुट्टी घेण्याची सोय द्या आणि ती तुटल्याचं खापर गरजू माणसाच्या नावाने फोडू नका.

पायरी ७: हात जास्त आणि काम कमी झालं तर

याचा विचार कुणीच आधी करत नाही. डेन्मार्कमधून २०१५ मध्ये सुरू झालेल्या बी माय आइज ॲपवर दृष्टिहीन माणूस व्हिडिओ कॉल करतो आणि डोळस स्वयंसेवक त्याला दुधाच्या डब्यावरची तारीख किंवा पाटीवरचं नाव वाचून दाखवतो. तिथे मदत मागणाऱ्यांपेक्षा मदत करू इच्छिणारे कितीतरी पटींनी जास्त आहेत. माणुसकीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट, पण महिनोन्‌महिने एकही कॉल न आलेल्या स्वयंसेवकाच्या दृष्टीने मोठी पंचाईत.

अशा वेळी खोटं काम तयार करण्याचा मोह टाळा. ‘सध्या पुरेसे लोक आहेत, गरज पडली की बोलावू’ असं सांगणं सन्मानाचं असतं. सोबत कमी निकडीचं पण खरं काम ठेवा: नवख्यांची पानं तपासणं, सूचना सोप्या भाषेत लिहिणं. आणि प्रसिद्धीची मोहीम काढण्याआधी शिल्लक काम मोजा. पाचशे पानं उरली असताना पन्नास हजार माणसं बोलावली तर बहुतेक जण रिकाम्या हाताने परत जातील, आणि पुन्हा येणार नाहीत.

पायरी ८: शेअरचं बटण कुठे ठेवायचं

कामाच्या आधी नको. क्रिस्टोफरसन, व्हाइट आणि पेलोझा यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्यांनी एखाद्या कार्याला चारचौघांत फुकटचा, प्रतीकात्मक पाठिंबा दिला ते पुढे खरी मदत मागितल्यावर, एकांतात तसाच पाठिंबा देणाऱ्यांपेक्षा कमी तयार होते. चांगलं दिसण्याची हौस भागली की चांगलं करण्याची निकड ओसरते. म्हणून पहिली दहा पानं तपासून होईपर्यंत शेअरचा पर्याय दाखवू नका. दाखवाल तेव्हा ‘मी मदत करतो’ याऐवजी ‘हे पुस्तक आता ऐकता येतं’ असा मजकूर द्या, म्हणजे बातमी पुस्तकाची होते.

पायरी ९: मोजमाप

रोजचे सक्रिय वापरकर्ते हा आकडा फलकावर सर्वांत वर लावू नका. तुमच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला जे आहे, आपल्या बाबतीत प्रत्यक्ष ऐकली गेलेली मिनिटं, ते वर लावा. वापरकर्ते वाढले आणि मिनिटं वाढली नाहीत तर मधली कुठली तरी कडी तुटली आहे. हेतूचा संदेश खरंच काम करतो का हे पाहायचं तर नव्या लोकांपैकी काहींना परिणामाचे संदेश पाठवा, काहींना फक्त आभाराचे, आणि दोन महिन्यांनी किती जण उरले ते बघा. पहिल्या आठवड्याचा फरक पाहून हुरळून जाऊ नका. नवलाई सगळ्यांनाच असते.

पायरी १०: शेवट आधीच ठरवा

हेतू खरा असेल तर तो कधीतरी पूर्ण होतो किंवा बदलतो. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणारा सेटीॲटहोम हा प्रकल्प मे १९९९ पासून लोकांच्या घरच्या संगणकांवर चालला. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. कारणही सांगितलं: हवी तेवढी माहिती चाळून झाली आहे, आता मागे राहिलेलं विश्लेषण पूर्ण करायचं आहे. वीस वर्षं गुण जमवलेल्या लोकांना हे आवडलं असेल असं नाही, पण केवळ आकडे हलते राहावेत म्हणून त्यांचे संगणक फुकट तापवत ठेवले गेले नाहीत.

ॲपच्या पहिल्या आवृत्तीच्या वेळीच हे लिहून ठेवा: काम संपलं तर कोण जाहीर करेल, किती आधी सांगेल, लोकांच्या कामाची नोंद त्यांना कशी मिळेल, आणि ज्यांना पुढेही हात लावायचा आहे त्यांना कुठल्या प्रकल्पाकडे पाठवायचं. मग तो कागद त्याच फोल्डरमध्ये ठेवा, ज्यात पहिल्या पायरीतलं ‘कारण...’चं वाक्य आहे, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचा.